पहिली जुडी कोणाची?
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



1784 च्या दुष्काळात नबाब आसफउद्दौलाने इमामबाडा बांधावयास काढून उपाशी हातांना काम व अन्न दिले. त्याच लखनौने आपणांस आश्रय दिला. ज्येष्ठातील ‘बडा मंगल’ला येथे गल्लोगल्ली भंडारे चालतात, परंतु इस्पितळाबाहेर तिष्ठणाऱ्या नातेवाइकांची भूक बारमाही असते. त्यांच्यासाठी चालणाऱ्या अन्नछत्राकरिता आम्ही मंडळाच्या परसात भाजी लावली.

थंडीत महिन्याभरात मेथी हाती आली. प्रथम आम्ही घरच्या पिशव्या भरल्या व उरले ते तिकडे पाठविले. एके दिवशी तेथील आचाऱ्याने जुड्या सोडून दाखविल्या. निम्मी पाने पिवळी होती. तो काही बोलला नाही, आम्हीच वरमलो. तेव्हापासून पहिली जुडी अन्नछत्राची, उरेल ती आमची.

खरी कसोटी उन्हाळ्याची. फाल्गुनात लावलेला लाल भोपळा ज्येष्ठात पिकतो आणि पुढे दोन महिने टिकतो. पावसाळ्यात पालेभाजी सडते, तेव्हा तोच छत्राचा आधार. बी पेरावयास सारे येतात. वैशाखात पहाटे पाणी घालावयास मोजकेच. त्या यादीत आपण नाव घालावे, एवढीच विनंती.