रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय साधा आहे. इंटरनेटवर चालणारा व्हिडिओ नंतर नेटशिवाय बघण्यासाठी साठवून ठेवायचा असेल, तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चारदा येतो. बहुतेक वेळा रात्री अकरानंतर, आणि ‘भाई, अर्जंट आहे’ अशा प्रस्तावनेसह. एका ओळीत उत्तर हवं असेल तर ते आहे: ओबीएस स्टुडिओ. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, व्हिडिओवर आपला शिक्का मारत नाही आणि वेळेची मर्यादा घालत नाही. एवढं लिहून घ्या. पण हे उत्तर तोंडपाठ असूनही माझ्या हातून एक चूक झाली. आधी ती सांगतो.

२०२० चा लॉकडाऊन. बैठका बंद होत्या, म्हणून आम्ही दर रविवारी ऑनलाइन गप्पा सुरू केल्या. एका रविवारी आमच्या आपा बोलल्या. वय सत्तरीच्या पुढं. तरुणपणी त्या तलाकपीडित बायकांच्या घरी जाऊन त्यांना बैठकीला आणायच्या. कुणाच्या घरून शिव्या मिळाल्या, कुणी चहा दिला, कोणत्या बाईनं पहिल्यांदा स्वतःचं नाव कागदावर लिहिलं, सगळं सांगत गेल्या. दीड तास. मी तांत्रिक बाजू सांभाळत होतो. आवाज नीट येतोय ना, एवढंच बघत होतो. रेकॉर्ड करायचं बटण समोर होतं. मनात म्हटलं, नेटवर आहेच की, राहीलच.

राहिलं नाही. ज्या कार्यकर्त्याच्या नावावर खातं होतं, त्याचा मोबाइल नंबर बदलला, पासवर्ड हरवला आणि काही महिन्यांनी खातंच बंद झालं. दोन वर्षांनी आपा गेल्या. त्यांच्या नातीनं फोन करून ते रेकॉर्डिंग मागितलं. माझ्याकडं काय होतं? व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी टाकलेला चाळीस सेकंदांचा तुकडा. ती म्हणाली, “भाई, तुम्ही तर सॉफ्टवेअरवाले ना?” त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली. पडद्यावर दिसतं ते आपल्याजवळ असतंच असं नाही. कंपन्यांची धोरणंही बदलतात. फेसबुकनं फेब्रुवारी २०२५ पासून ठरवलं, की लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसच ठेवायचे, नंतर ते आपोआप काढून टाकायचे. जुने व्हिडिओ उतरवून घ्यायला मुदत दिली होती. पण ती सूचना वाचणारा माणूस त्या पेजवर असायला हवा ना! गावोगावच्या किती संस्थांच्या पेजचा पासवर्ड आज कुणाला तरी आठवतो?

म्हणून माझं म्हणणं असं, की कोणतं सॉफ्टवेअर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, हा व्हिडिओ कुणाचा आहे आणि मला तो कशासाठी हवा आहे? त्याचं उत्तर मिळालं, की सॉफ्टवेअर निम्मं आपोआप ठरतं.

आपला स्वतःचा व्हिडिओ

इथं पडदा रेकॉर्ड करत बसू नका. आपलं भाषण आपल्याच चॅनेलवर असेल, तर मूळ फाइल उतरवून घ्या. यूट्यूबचं चॅनेल असेल तर गूगलची ‘टेकआउट’ ही सोय आपले सगळे व्हिडिओ एकदम देते. पुढच्या कार्यक्रमापासून आणखी सोपं करा. प्रक्षेपण ओबीएसमधूनच करा आणि त्याच वेळी रेकॉर्डिंगचं बटणही दाबा. नेट तुटलं तरी संगणकावरची फाइल अखंड राहते.

आपल्याकडं वीज कधीही जाते, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. ओबीएसच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगचा प्रकार ‘एमकेव्ही’ निवडा. साध्या एमपी-फोरमध्ये मध्येच मशीन बंद पडलं, तर पूर्ण फाइल उघडेनाशी होऊ शकते. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचं सगळं हाती लागतं. नंतर ओबीएसमध्येच ‘रिमक्स’ करून त्याचं एमपी-फोर करता येतं. चित्राचा दर्जा त्यात घसरत नाही.

खुला अभ्यासाचा व्हिडिओ

इथं तर रेकॉर्डरची गरजच नसते. आयआयटी आणि आयआयएससी मिळून चालवतात त्या एनपीटीईएलची व्याख्यानं त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. काही व्हिडिओंखाली ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना लिहिलेला असतो, म्हणजे नाव देऊन ते वापरायला मालकानंच परवानगी दिलेली असते.

मोहल्ल्यात अभ्यासिका चालवणाऱ्यांनी ‘कोलिब्री’ हे नाव लिहून घ्या. फुकट आहे. जुन्या संगणकावर बसवा, नेट असेल तिथं एकदाच धडे भरून आणा आणि अभ्यासिकेतल्या वायफायवर जोडून द्या. मुली आपापल्या फोनवर तेच धडे बघतात. खान अ‍ॅकॅडमीचे धडेही त्यात मिळतात. कुणाचाही डेटा खर्च होत नाही. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो दिवसभर भावाच्या खिशात असतो, त्या घरातल्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नाही. अभ्यासिकेत धडा साठवलेला असेल, तर तिला भावाच्या रिचार्जची वाट बघावी लागत नाही.

सिनेमा आणि मालिका

पैसे भरून बघतो त्या अ‍ॅपमध्येच बहुधा डाउनलोडची सोय असते. तीच वापरा. ती फाइल अ‍ॅपच्या बाहेर जात नाही आणि ठरावीक मुदतीनंतर बंद होते, हे खरं. पण आपण घेतलं ते बघण्याचं तिकीट. प्रत विकत घेतलेली नाही. हे व्हिडिओ कुलूपबंद असतात. बरेचदा पडदा रेकॉर्ड केला तर आवाज येतो आणि चित्र काळं दिसतं. ते कुलूप फोडायची सॉफ्टवेअर विकणारे भरपूर आहेत. त्यांच्या नादी लागू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं असं कुलूप फोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

दुसऱ्याचं सार्वजनिक भाषण

हा चौथा प्रकार, आणि आपल्यासाठी सर्वांत नाजूक. आपल्या चळवळीची अडचण तुम्हाला माहीत आहे. सुधारणेचं बोललो की समाजातले काही जण आपल्याला घरभेदी ठरवतात. आणि तिकडं ज्यांना आपल्या समाजाचा द्वेषच करायचा आहे, ते आपलंच अर्धं वाक्य कापून समाजाविरुद्ध फिरवतात. दोघांचं हत्यार एकच, वीस सेकंदांचा तुकडा. त्याला उत्तरही एकच, दीड तासाची अखंड फाइल. ती आपल्याकडं तारखेसह असेल, तर बोलता येतं. नसेल, तर आपण नुसते खुलासे करत फिरतो.

उलट बाजूनंही तेच. जाहीर सभेत कुणी द्वेषाचं बोललं, लाइव्ह झालं आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकलं, तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? तिथं रेकॉर्डिंग कामाला येतं. पण पद्धतशीर करा. कापू नका, संगीत टाकू नका, वर मजकूर लिहू नका. व्हिडिओचा पत्ता, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ लगेच कागदावर टिपून ठेवा. मग फाइलचा ‘हॅश’ काढा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ नावाची सोय आधीपासूनच असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो. पुढचं काम वकिलाचं. पण फाइल पहिल्या दिवशी नीट ठेवली नसेल, तर वकील काय करणार?

आणि एक विनंती. पुरावा जपायचा असतो, पसरवायचा नसतो. ‘बघा काय बोलला’ म्हणून तो व्हिडिओ पन्नास ग्रुपवर पाठवला, की आपण त्याचेच फुकटचे प्रचारक होतो.

आता सॉफ्टवेअर. रेकॉर्डिंगचे मार्ग दोन. पहिला, पडदा रेकॉर्ड करणं, म्हणजे ओबीएस किंवा फोनमधला रेकॉर्डर. अँड्रॉइड ११ पासून तो फोनमध्येच आलाय, वेगळं अ‍ॅप लागत नाही. दुसरा, थेट प्रवाह उतरवणं. ऑनलाइन व्हिडिओ सहसा अखंड येत नाही. काही सेकंदांचे तुकडे करून येतो, आणि सोबत त्या तुकड्यांची यादी असते. पुस्तकाची पानं सुटी करून अनुक्रमणिकेसह पाठवावीत तसं. वायटी-डीएलपी, स्ट्रीमलिंक ही मुक्त स्रोत साधनं ती यादी वाचून पानं गोळा करतात आणि एफएफएमपेग ती शिवून देतं. पडद्याची प्रत ही फोटोच्या फोटोसारखी असते. प्रवाहाची प्रत साइटनं पाठवलेल्या चित्राइतकीच स्वच्छ असते.

मग सगळ्यांनी दुसराच मार्ग का घेऊ नये? कारण तिथं नियम आडवे येतात. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी दिलेल्या सोयीशिवाय किंवा परवानगीशिवाय व्हिडिओ उतरवता येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खाजगी वापर, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी रास्त वापराची मुभा देतं. पण कायद्याची मुभा वेगळी आणि कंपनीशी केलेला करार वेगळा. साधन चाकूसारखं आहे. तुम्ही काय कापता त्यावर सगळं ठरतं. म्हणून मालकाला विचारायची लाज वाटू देऊ नका. मी तीन वक्त्यांना ईमेल करून फाइल मागितली. दोघांनी आनंदानं मूळ फाइलच पाठवली.

कोणतंही नवं साधन निवडताना मी चार गोष्टी बघतो. ते कुणी बनवलं आणि मूळ जागेवरूनच उतरवतोय ना? ते माझा पासवर्ड मागतं का? मागितला की विषय संपला. फाइल साध्या प्रकारात, दहा वर्षांनीही उघडेल अशी देतं का? आणि वर्षभरात ते अद्ययावत झालंय का? ‘इथं लिंक टाका, व्हिडिओ घ्या’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. आमच्या अभ्यासिकेच्या संगणकावर एका मुलानं असलाच एक डाउनलोडर टाकला. व्हिडिओ मिळाला नाही, पण पडद्यावर जुगाराच्या जाहिराती यायला लागल्या. एक अख्खा रविवार मशीन साफ करण्यात गेला, आणि ‘मुलींना संगणकावर बसवू नका’ म्हणणाऱ्यांना महिनाभर विषय मिळाला.

रेकॉर्ड सुरू करण्याआधी एक मिनिटाची चाचणी घ्या. पडदा रेकॉर्ड करताना सर्वांत जास्त चुका आवाजात होतात. संगणकाचा आवाज निवडायचा राहतो आणि मायकातून पंख्याची घरघर भरते. फोनच्या सूचना बंद करा. नाहीतर वक्ता संविधानावर बोलत असतो आणि वर तुमच्या अम्मीचा ‘येताना कोथिंबीर आण’ हा मेसेज कायमचा कोरला जातो. साधं भाषण असेल तर फार मोठा दर्जा नको. सेकंदाला एक मेगाबिट ठेवलं, तर तासाला साधारण ४५० एमबी लागतात. त्या हिशेबानं एक टीबीच्या डिस्कवर दोन हजार तासांहून जास्त मावतं. नुसता आवाज ६४ किलोबिटवर ठेवला, तर तासाला २९ एमबी. काहीच जमलं नाही तर निदान आवाज ठेवा. आपांचा आवाज जरी माझ्याकडं असता, तरी खूप होतं. प्रती दोन ठेवा, दोन वेगळ्या घरांत. फाइलच्या नावात तारीख, गाव, वक्ता लिहा. ‘न्यू व्हिडिओ फायनल २’ या नावाची फाइल हरवल्यातच जमा असते.

शेवटचा मुद्दा सॉफ्टवेअरचा नाही. आपल्या बैठकीत एखादी ताई स्वतःच्या तलाकबद्दल बोलते. समोर चाळीस माणसं आहेत म्हणून बोलते. तिचं सासर पुढच्या गल्लीत असतं, मुलगा शाळेत जात असतो. लाइव्हला ‘हो’ म्हणाली, याचा अर्थ ते कायमचं साठवायला आणि फिरवायला ‘हो’ म्हणाली असा होत नाही. तिला तीन वेगळे प्रश्न विचारा. रेकॉर्ड करू का? ठेवू का? दाखवू का, आणि कुणाला? उद्या ती ‘पुसून टाका’ म्हणाली तर पुसा. मराठीत आपण अनामत म्हणतो ना, तो आपल्या घरातला अमानतच आहे. रेकॉर्डिंग ही बोलणाऱ्याची अमानत असते. हरवली तर खयानत, परवानगीशिवाय वाटली तरी खयानतच.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लीम बायकांचा मोर्चा विधानसभेवर नेला. त्या वेळी कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तरीही आपण त्यांच्या पिढीनंतरच्या माणसांचे आवाज हरवतोय. घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या शाखेच्या पेजचा पासवर्ड कुणाकडं आहे ते शोधा, आणि तिथं जे आहे ते या आठवड्यात उतरवून घ्या.

हे भाषणही रेकॉर्ड होतंय. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या मुलीनं सुरुवातीलाच मला तीन प्रश्न विचारले. मी तिन्हींना ‘हो’ म्हटलंय. तिला ओबीएस मी शिकवलं. ती आपांची नात आहे.