अपुरें राहिलेलें काव्य

श्रोतेहो, संकटकाळीं ख्रिस्ती मनुष्य धीर कोठून आणतो, याचें उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रांत सांपडतें. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना त्यांचे पति, कवि नारायण वामन टिळक, यांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें बायबल दिलें. १८९५ सालीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पति हयात असतांनाच लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. कांहीं वर्षांचा विरह सोसून त्या पुन्हा नांदावयास गेल्या. जातिभेद ईश्वरनिर्मित नव्हे, हें स्वतःस पटल्यावर १९०० सालीं त्याहि ख्रिस्ती झाल्या.

१९१९ सालीं टिळक निवर्तले. त्यांनीं आरंभिलेलें येशूचें ओवीबद्ध चरित्र, ‘ख्रिस्तायन’, दहाअकरा अध्यायांवर थांबलें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या विधवेनें पुढील ६४ अध्याय रचिले. क्रूसावर यातना सोसणाऱ्या प्रभूला आपलें दुःख ठाऊक आहे, हा ख्रिस्ती मनुष्याचा मोठा आधार. आणि त्याच प्रभूचें चरित्र त्या लिहीत होत्या.

शोकाच्या घरांतहि एखादें काम अपुरें राहिलेलें असतें. प्रार्थना करून तें हातीं घ्यावें. सांत्वन बहुधा त्याच वाटेनें येतें.