परवान्याची मुदत

धार आणि देवास येथील जुन्या मराठी घरांचा पूर्वेतिहास बहुधा चाकरीशी निगडित आहे. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग अनेक घराणी माळव्यात उतरली, ती शिलेदारी वा कारकुनी पदरी घेऊन. पुढे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस झाले. तेही नेमणूक ठरल्यावरच आले. आधी चाकरी, मग प्रवास, असा तो क्रम होता.

व्यवस्थापनशास्त्र शिकण्यासाठी परदेशी निघालेल्या आजच्या तरुणाच्या बाबतीत हा क्रम उलटला आहे. आधी कर्ज, मग प्रवास, त्यानंतर पदवी आणि सर्वांत शेवटी नोकरी. पदवी व नोकरी यांमधील अंतर ओलांडता यावे म्हणून काही देश शिक्षणोत्तर कामाचा परवाना देतात.

परंतु हा परवाना म्हणजे नोकरी नव्हे. ती शोधण्यास मिळालेला अवधी होय. तो अवधीही स्थिर नसतो. ब्रिटनने ही सवलत २०१२ साली बंद केली, २०२१ साली दोन वर्षांच्या मुदतीने पुन्हा सुरू केली. आणि १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना, डॉक्टरेट वगळता, दीडच वर्ष देण्याचे ठरविले. अमेरिकेत १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसणाऱ्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांना आणखी २४. मात्र पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक काळ कामावाचून राहता येत नाही.

इकडे घरची स्थिती काय असते? बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाखांवरील कर्जास तारण लागते आणि अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने हप्ते सुरू होतात. मध्यमवर्गीय कुटुंबापाशी तारण म्हणून राहते घरच असते. मुलगा लंडनमध्ये नोकरी शोधीत असतानाच देवासच्या दारी हप्ता येऊन उभा राहतो. परवान्याची मुदत परके शासन ठरविते, हप्त्याची तारीख बँक ठरविते. निभावणे तेवढे वडिलांकडे उरते.

म्हणून मुलांना जाऊ देऊ नये, असे नाही. पण कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक हिशेब मांडावा. परवाना मिळालाच नाही आणि पदवी घेऊन मुलगा वा मुलगी परत आली, तर इंदूरच्या किंवा पीथमपूरच्या पगारात हा हप्ता बसेल काय? बसत असेल, तर निश्चिंत मनाने निरोप द्यावा. बसत नसेल, तर कर्जाचा आकडा आधी खाली आणावा.