दुभंगलेली टाळू : शस्त्रक्रियेनंतरचें काम

बाळाच्या डोक्यावर जेथें तेल घालतात ती टाळू नव्हे, तर तोंडांतील टाळू हा या भाषणाचा विषय आहे. गर्भावस्थेंत ही टाळू दोन्ही बाजूंनीं वाढत येते व साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत मध्यभागीं सांधली जाते. हें सांधणें अपुरें राहिलें, तर मूल दुभंगलेली टाळू घेऊन जन्मास येतें. ग्रहणांत आईनें कांहीं चिरलें म्हणून असें झालें, हा समज सर्वथैव निराधार आहे. अनुवंश, गरोदरपणांत घेतलेलीं कांहीं औषधें अशीं कारणें शास्त्रास ठाऊक आहेत; पुष्कळदां नेमकें कारण सांपडतही नाहीं.

अशा मुलास अंगावर नीट पितां येत नाहीं. डोकें उंच धरून वाटी-चमच्यानें दूध पाजावें लागतें. टाळू शिवण्याची शस्त्रक्रिया बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. फार लवकर केल्यास वरच्या जबड्याची वाढ खुंटण्याची भीति. उशीर केल्यास वाणी बिघडण्याची. टाळूचें आवरण हाडापासून सोडवून मध्यभागीं आणून शिवण्याची रीत जर्मन शल्यवैद्य लांगेनबेक यांनीं १८६१ सालीं प्रसिद्ध केली. पुढील पुष्कळ सुधारणा तिच्याच पायावर झाल्या.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशीं रक्तस्राव व श्वासास अडथळा यांवर लक्ष ठेवावें लागतें. पुढें टांका उसवून छिद्र राहूं शकतें व त्यांतून अन्न नाकांत जातें. कानाच्या पडद्यामागें द्रव सांठून ऐकूं कमी येतें, तें घरच्यांच्या लवकर ध्यानांतही येत नाहीं. वाणीचा प्रश्न तर याहून नाजूक. प, ब, त, द उच्चारतांना मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते. म, न उच्चारतांना ती उघडी राहते. शिवलेली टाळू आंखूड पडली, तर मुलानें मारलेली ‘बाबा’ ही हांक ‘मामा’ अशी ऐकूं येते. अशा वेळीं वाचोपचार, आणि प्रसंगीं दुसरी शस्त्रक्रिया, आवश्यक ठरते.

म्हणूनच टाळू मिटली म्हणजे उपचार संपला, असें मानणें घातक आहे. मुळशी तालुक्यांतील माण गांवच्या जमिनीवर माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा विस्तार झाला आहे. अशा ठिकाणीं बांधकामावरील मजूर कुटुंब काम संपतांच दुसरीकडे जातें, आणि मुलाच्या पुढील तपासणीची तारीख मागें राहते. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत या व्यंगाचा समावेश आहे. त्यांत अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां तपासणी करण्याची योजना असून पुढील उपचार विनामूल्य आहेत.

तेव्हां शस्त्रक्रियेचे कागद आईजवळ असावेत, आणि गांव बदललें तरी नव्या ठिकाणच्या अंगणवाडींत ते दाखवावेत. ओळखीच्या कुटुंबांत असें मूल असल्यास सुशिक्षितांनीं तें कसें दिसतें हें न विचारतां, त्याला ऐकूं कसें येतें व तें बोलतें कसें, याची चौकशी करावी.