एक प्रत की अनेक प्रती?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण लामत्यात जमलो आहोत, त्यांच्या आठवणींचे हस्तलिखित मी २००४ साली संगणकावर उतरवीत होतो. त्या वेळच्या एका प्रसंगातून आजचा विषय निघाला.

अर्पणपत्रिकेत मी ‘आचार्यास’ हा शब्द योजिला होता. ज्या कार्यक्रमात तो लिहिला तेथे तो शुद्ध दिसे. तेच पान त्याच संगणकावरील दुसऱ्या कार्यक्रमात उघडताच रफार गळून पडला, ‘र’खाली हलन्ताचा पाय लोंबू लागला, ऱ्हस्व वेलांट्या अक्षरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, हा भेद मराठी एवढ्याशा चिन्हावर तोलते. त्या पडद्यावर तो तोल उरलाच नव्हता. गुरुजी हसले असते. मला हसू आले नाही.

दोष फॉन्टचा नव्हता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला. पण क्रमांकांवरून जोडाक्षर घडविण्याचे काम एक वेगळा भाग करतो. अशा अनेकांच्या उपयोगी पडणाऱ्या भागाला ‘लायब्ररी’ म्हणतात. (वाचनालयाशी तिचे नाते इतकेच, की तेथेही एक ग्रंथ अनेकांनी वापरावयाचा असतो.) माझ्या पहिल्या कार्यक्रमाने या भागाची नवी प्रत स्वतःच्या कपाटात ठेवली होती, दुसरा कार्यक्रम संगणकाच्या सामाईक कपाटातील जुनी प्रत वाचत होता.

मग सर्वांनी सामाईकच वापरावे, असे कोणी म्हणेल. गावच्या लग्नात पंगतीची भांडी सामाईक असतात. घरोघर मोठी कढई कोण ठेवील? परंतु कोणी ती कढई बदलून आणली आणि ती आपल्या चुलीवर बसेना, तर वऱ्हाडी उपाशी राहतात. नव्वदच्या दशकात नेमके हेच होई. नवा कार्यक्रम बसविताना तो सामाईक प्रत बदलून टाकी आणि काल चालणारा जुना कार्यक्रम आज बंद पडे. म्हणून कार्यक्रमकारांनी आपापली शिदोरी बांधून आणण्यास आरंभ केला. त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही.

त्या शिदोरीची किंमत मार्च २००२ मध्ये कळली. झेडलिब ही माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी. तीत स्मृतीचा एकच तुकडा दोनदा मोकळा करण्याची चूक सापडली आणि १.१.४ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. सामाईक प्रत बदलली की तिच्यावर चालणारे सारे कार्यक्रम सुधारले. पण ज्यांनी आपल्या पोटात प्रत घेतली होती, त्यांना एकेक शोधून दुरुस्त करावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेच्या बाबतीत हाच शोध जगभर चालला, आणि आपल्या कार्यक्रमात ती आहे की नाही, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. डेबियनसारख्या संघटनांचा ‘एकच प्रत ठेवा’ हा आग्रह मला पटतो तो येथे.

आम्हा भाषेच्या माणसांना हे नवे नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चार वाढले. नियम एका ठिकाणी बदलले आणि नव्या पुस्तकांतून अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या पुस्तकांच्या पोटातील मात्र तसेच राहिले. त्यांत बिघडले काही नाही, कारण जुने पुस्तक कोणाला दगा देत नाही. जुन्या लायब्ररीविषयी तसे म्हणता येत नाही.

माझे मत विचाराल तर लिपीसारखी गोष्ट सामाईक असावी. आज हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी हे काम करते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस दोन्ही तिचाच आधार घेतात, पण पुष्कळदा आपापल्या प्रतीसह! तरी जोडाक्षर जुळते, कारण प्रती दोन असल्या तरी मूळ एकच आहे. ज्याला शिदोरी बांधावयाची असेल त्याने निदान आत काय आहे याची यादी वर चिकटवावी.

गुरुजींचे ते हस्तलिखित आज सकाळी मी शाळेच्या संगणकावर दोन कार्यक्रमांतून उघडून पाहिले. दोन्हींत ‘आचार्यास’ असेच उमटले.