लोण्याच्या जातीचं क्रीम

दूध आणि लोणी या दोन्हींत पाणी असतं आणि स्निग्धांशही असतो. फरक इतकाच, की कोण कोणाच्या पोटात आहे. दुधात स्निग्धांशाचे थेंब पाण्यात तरंगतात, तर लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी स्निग्धांशात अडकलेलं असतं. थंडीत फुटणाऱ्या त्वचेसाठी क्रीमही लोण्याच्या जातीचं हवं, असं माझं ठाम मत आहे. ही जात मुख्यतः पायसीकारक, म्हणजे तेल-पाणी एकत्र बांधणारा पदार्थ, ठरवतो. तो ज्यात अधिक विरघळतो, तो द्रव बाहेरच्या बाजूला राहतो. पायसीकारकाचा कल तेलाकडे की पाण्याकडे हे मोजण्यासाठी रसायनतज्ज्ञ ग्रिफिन यांनी 1949 मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवर साधारण 3 ते 6 अंकांचे पदार्थ तेलाकडे झुकणारे; सॉर्बिटन ओलिएटचा अंक 4.3. असा पदार्थ तेलात मिसळून, दोन्ही भाग सारखे गरम करून, पाणी बारीक धारेनं घोटत घातलं, की तेल बाहेर राहतं. त्याचा थर त्वचेतला ओलावा उडू देत नाही.

मग नुसतं खोबरेल का नको? कारण ओलावा धरणारं ग्लिसरीन तेलात विरघळत नाही. त्याला पाण्याचे थेंबच लागतात. क्रीम चिकट होतं ही तक्रार खरी आहे, पण हलकं तेल निवडलं तर ती बरीच कमी होते. मात्र घरगुती म्हणून जंतू रोखणारा परिरक्षक वगळू नये. तूप महिनोन्‌महिने टिकतं, लोणी बिघडतं; पाणी आलं, की जंतूही येतात.