बंगालचे बालसाहित्यिक : सुकुमार राय

बंगालबाहेरच्या रसिकांना ‘राय’ हे नाव ऐकताच सत्यजित राय आठवतात. बंगाली घरांत हा क्रम उलटा असतो. तेथे अक्षरओळख होण्याच्या आधीच सत्यजितांच्या वडिलांची पद्ये मुलाच्या तोंडी बसलेली असतात; चित्रपट आणि त्यांचे दिग्दर्शक पुढे केव्हातरी भेटतात. ह्या वडिलांना, म्हणजे सुकुमार राय ह्यांना, उणेपुरे ३५ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातली शेवटची अडीच वर्षे आजारपणात गेली. एवढ्या अवधीत त्यांनी मुलांसाठी जे लिहिले, त्याला वरवर पाहता काही अर्थ नाही. अर्थ नसलेले हे लेखन शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. ते ज्याने लिहिले तो मनुष्य व्यवसायाने छपाईचा शास्त्रज्ञ होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या टिकाऊपणाचा उलगडा होत नाही.

सुकुमारांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यास झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे मैमनसिंग जिल्ह्यातून आलेले ब्राह्म समाजी गृहस्थ. ते उत्तम चित्रे काढीत, व्हायोलिन वाजवीत, मुलांसाठी रामायण-महाभारत लिहीत. मुलांच्या रामायणासाठी त्यांनी काढलेली चित्रे लाकडी ठशांवरून छापली गेली तेव्हा त्यांची अगदी दुर्दशा झाली. दुसरा कोणी असता तर छापखान्याला दोष देऊन स्वस्थ बसला असता. उपेंद्रकिशोरांनी इंग्लंडहून यंत्रे व पुस्तके मागवली, घरीच प्रयोग आरंभिले आणि १८९५ च्या सुमारास ठसे तयार करण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे शोधनिबंध विलायतेतील ‘पेनरोज’ ह्या मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध होऊ लागले. मुलांसाठी काढलेले चित्र मुलांपर्यंत नीट पोचावे, एवढ्या एका हट्टातून हे सारे निर्माण झाले.

कॉर्नवॉलिस रस्त्यावरच्या ज्या घरात सुकुमारांचे बालपण गेले, त्याच घरात त्यांचे आजोबा द्वारकानाथ गांगुली आणि त्यांच्या द्वितीय पत्नी डॉक्टर कादंबिनी गांगुली राहत. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी कादंबिनींनी कलकत्त्यास वैद्यकीय शिक्षण पुरे केले, हे महाराष्ट्रीय श्रोत्यांना सांगावयास हवे. एका मजल्यावर शवशास्त्राची चर्चा, दुसऱ्यावर व्हायोलिन, अंगणात भावंडांचा गलका असे ते घर होते. रवींद्रनाथांच्या ‘राजर्षि’ कादंबरीत हासि आणि ताता ही दोन भावंडे आहेत. त्यांवरून थोरल्या सुखलतेला हासि आणि सुकुमाराला ताता म्हणत.

धाकटी बहीण पुण्यलता हिने पुढे बालपणीच्या आठवणी लिहिल्या. त्यांत तातादादाच्या गोष्टींतले प्राणी येतात. भवंदोला नावाचे धूड डुलत डुलत चालते, मंतुपाइन आपल्या लांब मानेला पीळ घालतो, कोंपू वटवाघळासारखा लोंबकळतो. हे प्राणी कोणत्याही पुस्तकातले नव्हते. वडिलांच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतली चित्रे पाहता पाहता मुलाने त्यांत स्वतःची भर घातली होती. त्याहून मोलाची आठवण एका खेळाची आहे. ‘राग बनवणे’ असे त्या खेळाचे नाव. ज्याच्यावर राग आला पण ज्याला काही करता येत नाही, अशा माणसाविषयी भावंडांनी मिळून गोष्ट रचावयाची. त्या गोष्टीत त्याची नाना प्रकारे फजिती व्हावी, परंतु त्याचे वाईट मात्र होऊ नये. फजिती रंगत जाई तसतसा राग हसण्यात विरून जाई. सुकुमारांच्या प्रौढ लेखनात उपहास पुष्कळ आहे, पण विखार कोठेच नाही. त्याचे मूळ ह्या खेळात शोधले तर ते चुकीचे ठरू नये.

प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून त्यांनी पदार्थविज्ञान व रसायन ह्या दोन्ही विषयांत सन्मानासह पदवी घेतली. त्याच सुमारास मित्रांचा ‘नॉनसेन्स क्लब’ निघाला. क्लबच्या हस्तलिखित मासिकाचे नाव ‘साडे बत्तीश भाजा’. कलकत्त्याचे फेरीवाले ३२ जिन्नसांचा चटपटीत चिवडा विकीत आणि वर अर्धी मिरची ठेवीत, म्हणून साडेबत्तीस! क्लबासाठी लिहिलेल्या ‘लक्ष्मणेर शक्तिशेल’ ह्या नाटकात हनुमान आणि जांबवान कलकत्त्याच्या सुखवस्तू बाबूंसारखे डुलक्या घेतात, कुरकुरतात. रामायणाविषयी अनादर त्यात तिळमात्र नाही. घरच्या वडीलधाऱ्यांची थट्टा ज्या मायेने करावी, त्या मायेने ती केलेली आहे.

कलकत्ता विद्यापीठाची गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळवून १९११ साली सुकुमार विलायतेस गेले. प्रथम लंडनच्या, नंतर मँचेस्टरच्या विद्यालयात त्यांनी छायामुद्रण व शिलामुद्रण ह्यांचा अभ्यास केला. रवींद्रनाथांचा तेव्हा लंडनमध्ये मुक्काम होता. १९१३ साली सुकुमारांनी तेथील एका सभेत त्यांच्या काव्याविषयी इंग्रजीतून निबंध वाचला. तरीही त्यांचे मन खरे रमले ते ‘हाफटोन’च्या विद्येत. ही विद्या थोडक्यात अशी. छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अनंत छटा असतात आणि छापखान्याची शाई तर एकाच छटेची. म्हणून कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या सूक्ष्म रेषांची काच बसवून चित्राचे बारीक ठिपक्यांत विभाजन करावयाचे. जेथे छाया गडद तेथे ठिपके मोठे, जेथे फिकी तेथे लहान. काच किती अंतरावर असावी, प्रकाशाचे छिद्र कोणत्या आकाराचे असावे, ह्यांत केसाइतकी चूक झाली तरी चेहऱ्याचा चिखल होतो. ह्या शास्त्रावर सुकुमारांनीही वडिलांप्रमाणे ‘पेनरोज’मध्ये लेख लिहिले. पुढे ते लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे फेलो झाले.

ते इंग्लंडमध्ये असतानाच, १९१३ साली, उपेंद्रकिशोरांनी मुलांचे ‘संदेश’ हे मासिक काढले. मराठीत संदेश म्हणजे निरोप. बंगालीत ती बातमीही आहे आणि छन्याची मिठाईही. मासिकाने दोन्ही अर्थ खरे करावेत, असा त्या नावाचा संकेत. सुकुमार परतले, आणि दोनच वर्षांनी, डिसेंबर १९१५ मध्ये, उपेंद्रकिशोर निवर्तले. गरपार रस्त्यावरची १०० क्रमांकाची वास्तू, तेथील छापखाना, ठशांचा कारखाना आणि ‘संदेश’ ह्या सर्वांचा भार अठ्ठाविशीतल्या सुकुमारांच्या खांद्यावर आला. मासिकाला दरमहा मजकूर हवा. मग संपादकानेच कधी पद्य लिहावे, कधी शाळकरी वात्रट पोराची गोष्ट लिहावी, कधी एखाद्या नव्या यंत्राची माहिती द्यावी. चित्रेही बहुधा त्यांनीच काढावी. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. रेषेत तो कच्चेपणा दिसतो, पण त्यांचा अस्तित्वात नसलेला प्राणी पाहिला की तो शेजारच्या बोळात दिसेल, असे वाटू लागते.

ह्या पद्यांचा संग्रह म्हणजे ‘आबोल ताबोल’. मराठीत ‘काहीबाही बडबड’ म्हणावे, परंतु आपल्याकडील बडबडगीतांशी त्याचे नाते दूरचे आहे. बडबडगीत नादावर चालते. सुकुमारांचे पद्य नादाबरोबर एक विचित्र तर्कही चालवते, आणि तो कोठेही तुटू देत नाही. खिचडीवरच्या त्यांच्या पद्यात प्राणी एकमेकांना चिकटतात. बक आणि कच्छप मिळून ‘बकच्छप’ होतो. हांस आणि सजारू, म्हणजे साळिंदर, मिळून ‘हांसजारू’ होतो. हत्ती आणि तिमी नावाचा महामत्स्य ह्यांचा ‘हातिमि’ होतो. आपण व्याकरण मानीत नाही, असे कवी कंसात सांगून मोकळा होतो. पण सांधा कोठे आहे ते पाहावे. एका शब्दाचे शेवटचे अक्षर आणि दुसऱ्याचे पहिले जेथे जुळते, नेमका तेथेच जोड बसवलेला आहे. व्याकरण न मानणाऱ्याचे हे काम नव्हे. हाफटोनची काच अचूक अंतरावर बसवणाऱ्याचा हात येथेही दिसतो.

त्याच पुस्तकात एका काकांचे यंत्र आहे. ते खांद्यावर बांधले की नाकापुढे आवडीचे खाद्य लोंबत राहते आणि माणूस त्याच्या आशेने मैलोगणती धावतो. एका पद्यात शिवठाकुराच्या देशातले कायदे आहेत. तेथे पाय घसरून पडणाऱ्यास शिपाई पकडतो व २१ रुपये दंड होतो, आणि संध्याकाळी सहाच्या आत शिंकावयाचे तर तिकीट काढावे लागते. मुले हसतात. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेला बापही हसतो, पण जरा वेगळ्या कारणाने.

सुकुमारांना ‘बंगालचे लुई कॅरल’ किंवा ‘बंगालचे एडवर्ड लिअर’ म्हणण्याची प्रथा आहे. हे ऋण खरे असले तरी अर्धेच खरे. ‘ह-य-व-र-ल’ ही दीर्घकथा घ्या. बंगालीत ही अक्षरे ‘ह-ज-ब-र-ल’ अशी उच्चारतात, आणि त्याचा रूढ अर्थ सावळागोंधळ. उकाड्यात झोपलेल्या मुलाच्या रुमालाचे मांजर होते, येथवर कॅरलची आठवण येते. पुढे पाटी-पेन्सिल घेतलेला कावळा भेटतो. त्याच्या देशात वेळेला किंमत असल्यामुळे सात दुणे चौदा हे उत्तर वेळेवर लिहिले नाही तर ते आण्या-पैंनी बदलत जाते. एक म्हातारा वयाला चाळिशीवरून मागे वळवतो, म्हणजे वय खाली येऊ लागते आणि दहापर्यंत उतरून पुन्हा चढते. शेवटी जो खटला उभा राहतो, त्यातले वकील आणि साक्षीदार कलकत्त्याच्या कोर्टातले आहेत, ऑक्सफर्डचे नाहीत. ‘हेशोराम हुशियारेर डायरी’ ही कथा कॉनन डॉइलच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ची थट्टा. तिच्यात नव्याने सापडलेल्या प्राण्यांना भारदस्त लॅटिन थाटाची नावे दिली आहेत. फुगून बसणारा ‘गोमराथेरियम’, आरडाओरडा करणारा ‘चिल्लानोसॉरस’! शास्त्राची चेष्टा इतक्या सहजपणे शास्त्राच्या पदवीधरालाच साधते.

दैनंदिन जीवनात हा मनुष्य मोठा मित्रवत्सल होता. ‘मंडे क्लब’ नावाची त्यांची साप्ताहिक बैठक भरे. सुनीतिकुमार चॅटर्जी, प्रशांतचंद्र महालनोबिस, अतुलप्रसाद सेन, सत्येंद्रनाथ दत्त ही मंडळी तेथे येत. प्लेटोपासून वैष्णव काव्यापर्यंत चर्चा होई आणि खाणेही भरपूर होई. म्हणून थट्टेखोर सभासद तिला ‘मंडा क्लब’ म्हणत, कारण मंडा हीही एक मिठाईच. बैठकीची निमंत्रणे सुकुमार पद्यात लिहीत आणि स्वतःच्या छापखान्यात छापून घेत.

१९२१ च्या मे महिन्यात सत्यजितांचा जन्म झाला. त्याच वर्षी सुकुमारांना काळ्या आजाराने गाठले. ह्या ज्वरावरचे औषध, युरिया स्टिबामाइन, डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी ह्यांनी नेमक्या त्याच वर्षांत, त्याच कलकत्ता शहरात शोधून काढले. त्याचा सर्वत्र उपयोग होऊ लागेपर्यंत सुकुमारांची वेळ निघून गेली होती. मात्र अंथरुणाला खिळल्यानंतर त्यांचे लेखन मंदावले नाही. ‘ह-य-व-र-ल’ १९२२ मधले आहे. ताप उतरला की ते लिहीत, चित्रे काढीत. एक लहानशी पद्यपुस्तिका सोडली तर तोवर त्यांचे मुलांसाठीचे एकही पुस्तक निघाले नव्हते. ‘आबोल ताबोल’ची जुळणी त्यांनी बिछान्यावरच केली. कोणते पद्य कोणत्या पानावर, कोणते चित्र कोठे, पान उरले तर तेथे कोणती चार ओळींची भर, मुखपृष्ठाचे रंग कोणते, हे सर्व त्यांनी स्वतः ठरवले. संग्रहाच्या शेवटच्या पद्यात झोप आणि गाण्याचा शेवट ह्यांचा जो उल्लेख येतो, तो मुलांना झोपेचाच वाटतो. त्या पद्याची तारीख ठाऊक असलेल्या वाचकाला तेथे थांबावे लागते.

ऑगस्ट १९२३ च्या अखेरीस रवींद्रनाथ त्यांना भेटावयास आले आणि सुकुमारांच्या इच्छेवरून त्यांनी उशाशी बसून गाणी म्हटली. १० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमारांचे देहावसान झाले. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, ‘आबोल ताबोल’ प्रसिद्ध झाले. ज्याने छपाईची एवढी विद्या संपादन केली, त्याला आपले हे पुस्तक छापून, बांधून हाती आलेले पाहता आले नाही.

पुढे व्यवसाय बुडाला. दोन-तीन वर्षांतच गरपारचे घर गेले आणि सुप्रभादेवी लहानग्या सत्यजितास घेऊन भावाच्या घरी राहावयास गेल्या. ‘संदेश’ही काही काळ चालून बंद पडला. पुस्तके मात्र एकामागून एक निघत राहिली. १९४० साली ‘पागला दाशु’ निघाले, त्याला रवींद्रनाथांनी प्रस्तावना लिहिली. १९६१ मध्ये सत्यजितांनी कवी सुभाष मुखोपाध्याय ह्यांच्या साहाय्याने ‘संदेश’चे पुनरुज्जीवन केले. मासिकाला मजकूर हवा म्हणून तेही वडिलांसारखेच मुलांसाठी लिहू लागले. त्याच वर्षी त्यात प्रोफेसर शंकूची पहिली कथा आली. ती एका शास्त्रज्ञाच्या रोजनिशीच्या रूपात आहे आणि तिच्या पहिल्या पानांवर हेशोरामाची छाया स्पष्ट दिसते. त्याआधी सत्यजितांनी नव्या ‘संदेश’साठी जे पहिले लेखन केले, ते होते एडवर्ड लिअरच्या एका पद्याचे बंगाली रूपांतर.